कडी लावलीस का?

पावसाळ्यातली शनिवारची रात्र होती. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जेवणं आटोपून आम्ही सहा जण 'कौन?' लावून बसलो होतो. राम गोपाल वर्मांचा १९९९ सालचा हा चित्रपट. मोठ्या घरात एकटी असलेली तरुणी, बाहेर कोसळणारा पाऊस, टीव्हीवर शहरात मोकाट फिरणाऱ्या खुन्याची बातमी, आणि मग दाराची बेल. ऊर्मिला मातोंडकर दाराकडे निघाली तशी आत्या ओरडली, "अगं बाई, उघडू नकोस!" ती ओरडली तेव्हा हसलो सगळे. पण दहा मिनिटांनी तीच आत्या गुपचूप उठली, आमच्या दाराशी गेली, कडी ओढून पाहिली आणि वरची साखळीही अडकवून आली.

आत्याला ऊर्मिला नटी आहे हे ठाऊक होतं. चित्रपट पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे हेही ठाऊक होतं. पडद्यावरचा माणूस पडद्यातून बाहेर येत नाही, याबद्दल तर तिच्या मनात शंकाच नव्हती. मग कडी आमच्या दाराची का तपासली?

दुसऱ्या दिवशी चहाला मतं निघाली आणि कोडं वाढलं. भाऊ म्हणाला, पोरगी बावळट, सरळ पोलिसांना फोन करायचा. वहिनी म्हणाली, माणूस पावसात भिजतोय, गयावया करतोय, किती वेळ नाही म्हणणार? भाच्याचं म्हणणं, यात भीती कसली, सगळं आवाजाचं काम आहे. आणि काकांना मूळ गोष्टच पटली नव्हती. "एवढा आरडाओरडा होतो आणि एक शेजारी येत नाही? असं घर असतं का कुठे?"

चित्रपट एकच, पाहिला एकाच खोलीत, आणि मतं चार. घरात परका माणूस शिरण्याच्या गोष्टींवर लोक इतकं वेगवेगळं का बोलतात, याचा मी त्यानंतर बराच पाठपुरावा केला. माझी आता खात्री आहे की अशा चित्रपटाबद्दल बोलताना प्रत्येक जण स्वतःच्या घराबद्दल बोलत असतो. ते कसं, हे समजायला आधी ही भीती तयार कशी होते ते पाहावं लागेल.

पंचवटीतलं दार

नाशिककरांना या प्रकारची गोष्ट नवी नाही. काळाराम मंदिरापासून चार पावलांवर, जुन्या वडांपाशी सीतागुंफा आहे. आत जायला अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. इथे सीता राहत होती अशी श्रद्धा आहे, आणि रावणाने तिला नेलं ते पंचवटीतूनच.

ती कथा थरारपटाच्या नजरेने पाहिली तर तिची बांधणी थक्क करणारी आहे. सोबतीची दोन माणसं एकापाठोपाठ एक दूर जातात. बाई एकटी उरते. मग दाराशी कुणी तरी येतं, आणि ते राक्षसाच्या रूपात येत नाही, संन्याशाच्या वेषात येतं. वाल्मीकी रामायणात सीता त्याला अतिथी म्हणून आसन देते, पाय धुवायला पाणी देते. आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेली लक्ष्मणरेषा त्या रामायणात नाही. ती पुढच्या कथांमधून आली. मला ही भर फार अर्थपूर्ण वाटते. ऐकणाऱ्यांना ती एक रेघ हवीच होती. इथपर्यंत घर, इथून पुढे बाहेर, हे डोळ्यांना दिसलं की मग ती ओलांडली जाण्याची धास्ती घेता येते.

वहिनीचं म्हणणं इथून सुरू होतं. दाराशी आलेल्याला परतवणं आपल्याला शिकवलेलंच नाही. तहानलेल्याला पाणी, भिजलेल्याला वळचण, हे संस्कार इतके खोल असतात की 'नाही' म्हणायला अंगात बळ गोळा करावं लागतं. 'कौन?'मधला मनोज बाजपेयीचा समीर नेमकं हेच वापरतो. तो दार तोडत नाही. मल्होत्रांचं घर हेच ना, म्हणून विचारत राहतो, बोलत राहतो, चिकट होतो, केविलवाणा होतो. त्याचं हत्यार म्हणजे तिची सभ्यता. कडी बाहेरून तुटत नाही, ती आतून काढली जाते. त्यामुळे या चित्रपटांत कुलपापेक्षा संभाषण महत्त्वाचं असतं, आणि 'बावळट' हा शेरा मारणारा प्रेक्षक हे संभाषण ऐकायचंच विसरलेला असतो.

रात्री काच आरसा होते

घर म्हणजे काय? भिंती आणि छप्पर हे उत्तर अपुरं आहे. जे ॲपल्टन या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये एक साधी कल्पना मांडली: माणसाला अशी जागा आवडते जिथून त्याला बाहेरचं दिसेल, पण बाहेरच्याला तो दिसणार नाही. ओट्याच्या आतल्या बाजूला, खांबाला टेकून बसणारी आजी आठवा. रस्ता तिला दिसतो, ती रस्त्याला दिसत नाही. घराचं सुख बरंचसं या एकतर्फी नजरेत आहे.

रात्र झाली की ही नजर उलटते, आणि त्याचं कारण अगदी साधं भौतिकशास्त्र आहे. खिडकीची काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण आठ टक्के परत फेकते, उरलेला बराचसा आरपार जाऊ देते. दिवसा बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असतो, त्यापुढे हे आठ टक्के कुठल्या कुठे जातात. म्हणून आपल्याला बाहेरचं झाड दिसतं आणि रस्त्यावरच्या माणसाला आपली खिडकी काळी दिसते. रात्री घरात ट्यूबलाइट, बाहेर अंधार. आता बाहेरून येणारा उजेड इतका क्षीण असतो की काचेत आपलाच चेहरा दिसतो. बाहेरच्याला मात्र आपली अख्खी खोली लख्ख दिसते, रंगमंचासारखी.

म्हणूनच या चित्रपटांत खिडकीशी उभी राहून बाहेर पाहणारी बाई हमखास असते. ती डोळे ताणते आणि तिला काही दिसत नाही. आपल्या अंगावर काटा येतो, कारण ती दिसते आहे हे आपल्याला कळलेलं असतं.

कायद्यालाही रात्र वेगळी वाटत आली आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा होता, आणि अशा वेळी स्वसंरक्षणाचा हक्कही जास्त व्यापक मानला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हा भेद ठेवला आहे.

> घरी करून पाहा
>
> रात्री हॉलमधला दिवा लावून खिडकीशी उभे राहा. काचेत तुम्ही दिसाल. आता दिवा बंद करा. एक-दोन मिनिटांत रस्ता, पार्किंग, समोरची बाल्कनी दिसू लागेल. घराबाहेर खुट्ट झालं तर आपण सवयीने दिवा लावतो. बाहेरचं पाहायचं असेल तर तो बंद केलेला चांगला.
>
> दुसरा प्रयोग: एखाद्या थरारपटातला तुम्हाला सर्वांत दचकवणारा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहा. भीती बरीच कमी झालेली जाणवेल.

शिट्टीआधीचा कुकर

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोशी १९६२ मध्ये केलेल्या प्रदीर्घ संवादात धक्का आणि ताण यांतला फरक समजावला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला ते ठाऊक नाही. स्फोट झाला तर मिळतो पंधरा सेकंदांचा धक्का. तेच बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा, आणि टेबलावरची माणसं मात्र निवांत गप्पा मारत राहू द्या. मग पंधरा मिनिटांचा ताण मिळतो.

आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्यायचं तर अचानक वाजलेली कुकरची शिट्टी हा धक्का. पण शिट्टी बसवली आहे, आत वाफ कोंडते आहे, फुसफुस सुरू झाली आहे आणि तान्हं बाळ नुकतंच झोपलं आहे, हा ताण. माहितीत भर काहीच पडलेली नसते. फक्त आपल्याला आधी कळलेलं असतं.

घरात शिरलेल्या माणसाच्या गोष्टीला ही युक्ती फार मानवते, कारण घराला खोल्या असतात. एका खोलीत ती, दुसऱ्या खोलीत तो, आणि दोन्ही खोल्या दिसतात फक्त प्रेक्षकाला. १९०९ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथने 'द लोन्ली व्हिला'त हे करून दाखवलं: दाराला सामान लावून आत अडकलेली आई आणि मुली, दार फोडणारे चोर, आणि दूरवर टेलिफोनवर असहाय झालेला नवरा, यांची दृश्यं आलटून पालटून. १९१३ मध्ये लोइस वेबर या दिग्दर्शिकेने 'सस्पेन्स' या छोट्या मूकपटात पडद्याचेच तीन तुकडे केले आणि बाई, घुसखोर आणि नवरा या तिघांना एकाच वेळी दाखवलं. त्यात नोकरी सोडून जाणारी मोलकरीण घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवून जाते. एवढ्या जुन्या मूकपटातली ती किल्ली पाहताना आजही जीव वरखाली होतो. आपणही कधी तरी कुंडीखाली, बुटांच्या कप्प्यात किल्ली ठेवलेली असते ना!

तेच १९१३ साल आपल्या 'राजा हरिश्चंद्र'चं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी त्याच वर्षी आपलं बस्तान मुंबईहून नाशिकला हलवलं. इथे त्यांनी पौराणिक कथांना पडद्यावर आणलं. 'लंकादहन' (१९१७) त्यांतलाच, आणि त्यात राम आणि सीता दोघेही अण्णा साळुंके या एकाच नटाने रंगवले. पंचवटीच्या कथेला चित्रपट मिळाला तो असा तिच्याच गावच्या माणसाकडून.

अंगातला रखवालदार

आता भाच्याचं मत. आवाजाचं काम आहे हे त्याचं निरीक्षण बरोबर आहे, पण म्हणून भीती खोटी ठरत नाही.

अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. हे सगळं सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास सुरू होतं. विचार करायला मेंदूला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे दचकणं हा निर्णय नाही. ते काम मेंदूच्या तळाशी असलेला मेंदूस्तंभ परस्पर उरकतो. सोसायटीच्या गेटवरचा रखवालदार समजा. आधी तो शिट्टी फुंकतो, मग वर फोन करून विचारतो की आलेला माणूस पाहुणा आहे का. वरून उत्तर येतं, "अहो, तो टीव्ही आहे." तोवर शिट्टी वाजून गेलेली असते.

याच्या जोडीला मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डला. धोक्याची खूण लक्षात ठेवणं आणि शरीराला सज्ज करणं ही त्याची कामं. तो एकदा जागा झाला की रखवालदार आणखी हळवा होतो. आधीच घाबरलेला माणूस तोच आवाज ऐकून जास्त जोराने दचकतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. अंधाराचाही असाच परिणाम होतो: माणूस अंधारात जास्त दचकतो. उंदराचं याच्या नेमकं उलट. त्याला भय उजेडाचं, म्हणून तो लख्ख उजेडात जास्त दचकतो. ज्याला जिथे शिकार होण्याची भीती, तिथे त्याची शिट्टी लवकर वाजते.

'वेट अन्टिल डार्क' (१९६७) या चित्रपटात ऑड्री हेपबर्नने रंगवलेली अंध बाई घरातले दिवे फोडते, म्हणजे शिरलेला माणूसही तिच्याइतकाच आंधळा व्हावा. त्या प्रसंगाला चित्रपटगृहातले दिवेही शक्य तितके मंद करत नेण्याची योजना होती. पडद्यावरचा अंधार खुर्चीपर्यंत यावा, म्हणून.

आणि इथे आत्याच्या कडीचं उत्तर मिळतं. वरच्या मजल्याला चित्रपट खोटा आहे हे कळतं, पण गेटवरचा रखवालदार सज्जच राहतो. पडद्यावरच्या दाराचं तो काहीच करू शकत नाही. करता येण्यासारखं दार एकच, आपलं. भूतपट पाहून आपण फार तर पांघरूण डोक्यावर घेतो. इथे सज्ज झालेल्या शरीराला जायला खराखुरा पत्ता मिळतो.

हे सगळं गमतीचं राहतं ते एका अटीवर. आपण सुरक्षित आहोत ही जाणीव तळाशी शाबूत हवी. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात काही वर्षांपूर्वी घरात माणसं झोपलेली असताना चोर शिरला होता. कुणाला इजा झाली नाही. पण त्या घरातली बाई आजही असला चित्रपट दहा मिनिटं पाहू शकत नाही, उठून जाते. तिच्या तळाची ती जाणीवच तडकली आहे. तिला 'भित्री' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

'मी असतो तर…'

भावाचं मत सर्वांत जास्त ऐकू येणारं. पोलिसांना फोन का केला नाही? मागच्या दाराने का पळाली नाही? त्याला मारून पाडल्यावर तिथेच का सोडलं?

बरूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लोकांना १८१४ मधल्या इंग्रज आणि गुरखे यांच्या लढाईचं वर्णन वाचायला दिलं. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना निकाल सांगितलाच नाही. मग विचारलं, वर्णनावरून कुठला निकाल संभवनीय वाटतो? ज्यांना जो निकाल सांगितला होता, तोच त्यांना जास्त संभवनीय वाटला. निकाल कळला की 'हे दिसतच होतं' असं वाटू लागतं, आणि आपल्याला तसं वाटू लागलं आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

थरारपटाच्या प्रेक्षकाला तर निकालाच्याही आधी सगळं कळलेलं असतं. पोस्टर पाहिलेलं असतं, घाबरवणारं संगीत ऐकू येत असतं. पडद्यावरच्या बाईला संगीत ऐकू येत नाही. तिच्यासाठी ती एक साधी संध्याकाळ आहे आणि बेल वाजली आहे. आपणही अशा शेकडो बेलांना दार उघडलेलं असतं: कुरिअर, इस्त्रीवाला, गॅसवाला, वरच्या मजल्यावरचं पोर.

शिवाय, धोका समोर उभा ठाकला की माणूस पळतो किंवा लढतो हे अर्धंच खरं. बरेचदा तो आधी गोठतो. अंग ताठ, श्वास रोखलेला, हृदयाचे ठोके क्षणभर मंदावलेले. कोंबडीच्या अंगावरून घारीची सावली गेल्यावर ती जशी जागच्या जागी दबते, तसंच. सोफ्यावर रेलून ही अवस्था 'बावळटपणा' दिसते. मी भावाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला, आणि मग त्याने स्वतःच, एकदा सातपूरजवळ समोरून ट्रक आला तेव्हा ब्रेक काय, काहीच दाबलं गेलं नव्हतं, ते सांगितलं.

शेवटाविषयीची भांडणंही समजून घ्यायला हवीत. उसळलेलं अंग लगेच शांत होत नाही; धडधड उरते आणि मागून येणाऱ्या भावनेला चिकटते. शेवट आवडला तर तो दुपटीने आवडतो, फसवल्यासारखं वाटलं तर चीडही दुपटीने येते. 'कौन?'चा शेवट मी इथे फोडत नाही, पण त्यावरून दोन तट पडतात ते यामुळेच. यश चोप्रांचा 'इत्तफाक' (१९६९) असाच. पावसाळी रात्री वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना एका बाईच्या घरात शिरतो. एकही गाणं नाही, जवळजवळ सगळी गोष्ट एका रात्रीची. ती बाई होती नंदा, मास्टर विनायकांची मुलगी, 'छोटी बहन'मुळे घराघरांत बहीण म्हणून ठसलेली. तो चेहरा पाहिला की प्रेक्षक निर्धास्त होई, आणि चोप्रांनी त्या विश्वासाचाच वापर केला.

वाडा, बंगला, फ्लॅट

काकांचं मत मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. काकांचं बालपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलं. सरकारवाड्याच्या आसपासच्या, रविवार पेठेतल्या, पंचवटीतल्या गल्ल्यांमधून उरलेले वाडे अजून दिसतात. मोठा दरवाजा, त्यातच कापलेली लहान दिंडी, आत भिंतीतल्या भोकातून सरकणारा जाड अडसर. रात्री एकदा दरवाजा लागला की वाडा बंद. पण दिवसभर तो दरवाजा सताड उघडा. आत चौक, चौकाभोवती पाच-सहा बिऱ्हाडं. परका माणूस दिंडीतून आत आला की ओट्यावरून, माडीवरून, नळावरून आठ डोळे त्याच्याकडे वळायचे आणि "कोण पाहिजे?" हा प्रश्न यायचा. म्हणजे 'कौन?' हा प्रश्न वाड्यात सगळ्यांचा मिळून होता. चित्रपटात तो एकट्या बाईला विचारावा लागतो.

काकांना चित्रपट पटला नाही, कारण त्यांच्या मनातल्या घरात तो घडूच शकत नाही. या गोष्टीला एकटं घर लागतं: बागेने रस्त्यापासून तोडलेला बंगला किंवा लॅच ओढताच बंद होणारा फ्लॅट. गंगापूर रोडला आवारातल्या बंगल्यात राहणारी माझी एक मैत्रीण हाच चित्रपट पाहून चार रात्री झोपली नव्हती. तिला त्यात खोटं काहीच दिसलं नाही.

नवे दिग्दर्शक हे एकटेपण आणखी आत नेतात. अश्विन सरवणन यांच्या 'गेम ओव्हर'मध्ये (२०१९) तापसी पन्नूची नायिका व्हीलचेअरवर आहे, अंधाराला घाबरते, आणि फाटकावर रखवालदार असूनही असुरक्षित आहे. तिच्याजवळ एकच माणूस आहे, घर सांभाळणारी कलाम्मा. मारेकरी येतात तेव्हा तिच्या बाजूने उभी राहते ती कलाम्मा, कुलूप नाही. काकांना मी तो दाखवला. तो त्यांना आवडला.

आत्याचं मत विचारायचं राहूनच गेलं होतं. गेल्या महिन्यात ती आली तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "चित्रपट चांगला आहे. पण तिच्या घराला जाळीचं दार हवं होतं. बाहेरचं दार उघडं, जाळीचं लावलेलं. माणूस दिसतो, बोलता येतं, पेलाभर पाणीही देता येतं." मग तिने विचारलं, तुमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं? मला आडनाव सांगता आलं नाही. संध्याकाळी ती वाटीभर शिरा घेऊन समोरची बेल वाजवायला गेली.